जुनी गाडी, गावातले दुकान

जुनी मोटारसायकल घ्यायची म्हटले की बहुतेक माणसे आधी गाडी ठरवतात, मग किंमत ठरवतात आणि ती कोणाकडून घ्यायची हा प्रश्न शेवटी योगायोगावर सोपवतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. आधी दुकान ठरवावे, गाडी मागाहून ठरते. नवी गाडी घेताना तिच्यामागे कारखाना असतो, हमीपत्र असते, गावोगावची सर्व्हिस सेंटरे असतात. त्यामुळे या शोरूमऐवजी त्या शोरूममधून घेतली तरी हाती तीच वस्तू येते. जुन्या गाडीच्या मागे मात्र तिला विकणारा माणूस सोडून कोणीच उभे नसते. त्याला त्या गाडीचे पूर्वायुष्य किती ठाऊक आहे आणि विक्रीनंतर सहा महिन्यांनी तो आपल्याला कुठे सापडेल, यावर त्या व्यवहाराचे बरेवाईट ठरते. म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी जुनी दुचाकी आपल्या जिल्ह्यातल्या दुकानदाराकडूनच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. हा आग्रह माझा पूर्वीपासूनचा आहे. भाचीसाठी कोल्हापुरात गाडी शोधली तेव्हा त्याची कारणे माझ्यापुरती अधिक स्पष्ट झाली.

भाची पशुधन पर्यवेक्षक आहे आणि तिची नेमणूक भुदरगड तालुक्यात झाली. गारगोटीत खोली आणि काम कडगाव-पाटगावच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर. तिकडचा पाऊस आणि तिकडचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिने स्कूटर न घेता मोठ्या चाकांची मोटारसायकल घ्यायचे का ठरवले हे सांगावे लागणार नाही. पन्नास-साठ हजारांच्या आत बसणारी, शंभर ते सव्वाशे सीसीची, फार बडेजाव नसलेली गाडी तिला हवी होती. मोबाइलवर तिला पुण्यातली एक गाडी सापडली होती. फोटो सुरेख होते, किलोमीटर कमी होते आणि कोल्हापुरात त्याच वर्षाच्या तशाच गाडीला जो भाव सांगत होते, त्याहून ती पाच-सहा हजारांनी स्वस्त होती. “मामा, गाडी तीच, कंपनी तीच, मग गावातल्या दुकानदाराला जास्त पैसे कशाचे द्यायचे?” हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला ‘ओळखीतला बरा’ एवढे उत्तर पुरेसे नव्हते.

पैसे कशाचे, तर माहितीचे. कोल्हापूरच्या बाबतीत ही माहिती किती मोलाची असते, हे सांगायला पुराचे उदाहरण पुरेसे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी या रेषेच्या कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्काचा काही भाग, नदीपलीकडे आंबेवाडी आणि प्रयाग चिखली अशी ठिकाणे पाण्याखाली गेली. माणसे होड्यांतून बाहेर निघाली. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आणि सोप्यात लावलेल्या दुचाक्या तिथेच राहिल्या. त्यांतल्या काही मालकांनी इंजिने खोलून, धुऊन, वायरिंग बदलून पुन्हा वापरात आणल्या. काहींनी त्या मिळेल त्या किमतीला काढून टाकल्या. अशा गाड्यांना गिऱ्हाईक साहजिकच दूरचे शोधले जाते, कारण जवळच्या गिऱ्हाइकाला गल्लीचे नाव ऐकूनच सगळे समजते.

आमच्या गावातला दुकानदार आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, हातात घेतो तेव्हा तो आधी वर्ष पाहत नाही, पत्ता पाहतो. पत्त्यात अमुक गल्ली दिसली आणि गाडी २०१९ च्या ऑगस्टपूर्वीची असली, की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाण्याच्या वेळी गाडी कुठे होती? तीच गोष्ट एमएच-०८ ची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, त्यामुळे रत्नागिरी पासिंगची आणि चिपळूणच्या पत्त्याची गाडी स्वस्तात चालून आली, तर तो ती घेण्याआधी दहा वेळा विचार करतो. पुण्यात किंवा मुंबईत बसून केवळ फोटो आणि किलोमीटर पाहणाऱ्या माणसाला, मग तो कितीही हुशार असो, या पत्त्यांमधून काहीच वाचता येत नाही. उलट पुण्यातली कुठली गाडी कुठल्या प्रसंगातून गेली आहे, हे आम्हालाही येथे बसून वाचता येणार नव्हते. भाचीला मी एवढेच सांगितले, की पुण्यातली गाडी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ती चांगली आहे की वाईट, हे सांगू शकणारा माणूस आपल्या ओळखीत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्या दुकानात आम्ही अखेरीस गाडी घेतली, तिथल्या मालकाने बुडालेली गाडी कशी ओळखायची हे तिला स्वतःच्या हाताने दाखवले. एका बाजूला लावलेली, विक्रीला न काढलेली एक गाडी त्याने समोर ओढली. टाकी नव्याने रंगवलेली होती, सीट नवे होते आणि चार हात अंतरावरून पाहिले तर तिच्यात खोट काढता आली नसती. त्याने हेडलाइटचे दोन स्क्रू सोडवून दिवा पुढे काढला. मागच्या वाटीच्या तळाशी, जिथे कापड पोहोचत नाही, तिथे वाळलेल्या गाळाचा पातळ थर होता, आणि तो इतका बारीक होता की बोटाला लागल्यावरच कळला. मग त्याने वायरिंगचा एक कप्लर, म्हणजे तारांचा जोड, उघडला. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढलेली होती. सीट काढून खालच्या पत्र्याचे बोल्ट दाखवले, ते वरून काळे रंगवलेले होते आणि आट्यांमध्ये गंजून गेले होते. “ताई, रस्त्यावरच्या पावसाचं पाणी बाहेरून लागतंय. पुराचं पाणी आतनं बसतंय. रंगवायचं झालं तर बाहेरूनच रंगवत्यात,” असे तो म्हणाला. ती गाडी त्याने सुट्या भागांसाठी घेतली होती. गिऱ्हाइकाला शिकवणारा दुकानदार स्वतःचेच नुकसान करून घेतो असे कोणाला वाटेल, पण मला तरी असे शिकवणे हीच चांगल्या दुकानाची पहिली खूण वाटते, कारण जे त्याने भाचीला शिकवले, तेच ती त्याच्या प्रत्येक गाडीवर तिथल्या तिथे तपासून पाहणार होती, आणि तिने ते पाहिलेच.

पुराखेरीजही आपल्या भागातल्या गाड्यांचे आयुष्य आपल्या भागासारखेच जाते. करवीर, शिरोळ, कागल या बाजूची गाडी बहुतेक वेळा केवळ माणसांची ने-आण करत नाही. ती पहाटे डेअरीला दूध घालायला जाते आणि संध्याकाळी मळ्यातून वैरणीचे भारे आणते. अशी गाडी किलोमीटर कमी दाखवील, कारण घर ते डेअरी आणि घर ते मळा ही अंतरे मोठी नसतात. पण तिचे मागचे शॉकॲब्सॉर्बर बसलेले असतात, मागच्या चाकाच्या आऱ्या ताणून ढिल्या झालेल्या असतात आणि मागच्या मडगार्डच्या दोन्ही बाजूंना, कॅन अडकवण्याच्या लोखंडी कॅरियरने घासलेल्या चकचकीत रेषा उमटलेल्या असतात. विकण्याआधी कॅरियर काढून टाकतात, रेषा राहतात. समुद्रकाठच्या गाडीचे निराळे. तिचा सायलेन्सर आणि चेनकव्हर आतून खारट हवेने खाल्लेले असते, इंजिन मात्र उत्तम असू शकते. आणि शहरात एखाद्या शिक्षकाने किंवा बँकेतल्या कारकुनाने वापरलेली गाडी कधीकधी इतकी कमी वापरलेली असते, की तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी २०१८ ची, किलोमीटर बारा हजार आणि टायर २०२३ चे असतील, तर बारा हजारांतच टायर का बदलावे लागले हे विचारायलाच हवे. मीटर मागे फिरवता येतो. गिअरच्या लिव्हरचे रबर, ब्रेकच्या पायखुणा, चावीची झीज आणि हँडलच्या मुठी मागे फिरवता येत नाहीत. या सगळ्या गोष्टी कोणत्याही गावातल्या गाडीवर तपासता येतात हे खरे. पण त्यांचा अर्थ लावणारा माणूस त्याच मातीतला असावा लागतो.

मग असा माणूस शोधायचा कसा? माझी पद्धत अशी आहे, की दुकानदाराची चौकशी त्याच्या दुकानात करू नये आणि त्याच्या गिऱ्हाइकांकडेही करू नये. गिऱ्हाईक दोनच प्रकारचे असते, खूश झालेले आणि चिडलेले, आणि दोघेही आपल्या एका गाडीवरून बोलतात. चौकशी करावी ती दुकानदार ज्यांच्याकडे काम देतो त्यांच्याकडे. कोल्हापूरला यासाठी शिवाजी उद्यमनगर आहे, आणि या गावाचे हे मोठे भाग्य आहे. लेथ, बोअरिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग अशी कामे करणाऱ्या या शेडमध्ये जुन्या गाड्यांची इंजिने येत-जात असतात. कोणता दुकानदार पिस्टन घासला की नीट बोअर करून नवा पिस्टन टाकायला सांगतो आणि कोणता फक्त रिंगा बदलून, जाड ऑइल भरून धूर तात्पुरता बसवायला सांगतो, हे तिथल्या कारागिराला पक्के ठाऊक असते. तो कोणाचे नाव घेऊन वाईट बोलत नाही. पण “अमक्याकडून गाडी घेऊ का?” असे विचारल्यावर तो “घ्या की” म्हणतो की “बघा तुम्ही” म्हणतो, एवढ्यावर सगळे समजते. आमच्या गल्लीतल्या फिटरनेही त्याच दोन दुकानांची नावे घेतली, जी उद्यमनगरात ऐकली होती. आरटीओच्या कामाचे एजंट ही चौकशीची तिसरी जागा. कोणाच्या गाड्यांचे कागद अडतात आणि कोणाचे सरळ निघतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

दुकान ठरल्यावर दुकानदाराचे वागणे पाहावे. मला स्वतःला एका वाक्याने जिंकले. दुपारी आम्ही गाडी चालू करून ऐकू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, आत्ता ऐकू नका. आत्ताच एकजण फिरवून गेलाय. सकाळी दुकान उघडायच्या टायमाला या. रात्रभर उभी राहिली की काय बोलत्या ते ऐका.” तापलेले इंजिन बरेच दोष झाकते. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते का, सुरू होताच सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, इंजिनातल्या कॅमचेनचा खडखडाट होतो का आणि होत असल्यास तो मिनिटाभरात जातो का, हे सकाळीच कळते. सकाळी आम्ही आमचा फिटर घेऊन गेलो आणि दुकानदाराने त्याला चहा दिला, बोल्ट खोलायचे पाने दिले आणि हवे ते उघडून पाहू दिले. दुसऱ्या एका दुकानात आदल्या आठवड्यात आम्हाला “आमचाच मेकॅनिक आहे की, वेगळा कशाला?” असे विचारले गेले होते. त्या दुकानात गाड्या अधिक होत्या, पाट्या अधिक चकचकीत होत्या, आणि मी तिथून लगेच निघालो. आपला फिटर नको म्हणणाऱ्या दुकानाबद्दल याहून जास्त काही तपासण्याची गरज मला वाटत नाही.

आता कागदांचा भाग, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा. शेत विकत घेणारा माणूस भाव विचारण्याआधी सातबारा उतारा मागतो, त्यावर बोजा आहे का पाहतो. गाडी घेणारा मात्र टाकीवर हात फिरवतो आणि आरसी खिशात घालून घरी जातो. गाडीच्या आरसीवरही बोजा असतो. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या नोंदीत कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव चढलेले असते, आणि कर्ज फिटले तरी ते आपोआप उतरत नाही. संस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवून घ्यावे लागते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कर्जाची नोंद, विम्याची आणि पीयूसीची मुदत कोणालाही दिसते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाची थकबाकी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पाहता येते. ही दोन कामे दुकानात उभे राहून, दुकानदारासमोर करावीत. चेसिस नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो, तो चिंधीने पुसून आरसीशी एकेक अक्षर जुळवून पाहावा. भाचीने हे केले तेव्हा दुकानदाराने स्वतः टॉर्च धरला.

विक्रीच्या कागदांत फॉर्म २९ हा विकणाऱ्याने द्यायचा असतो आणि फॉर्म ३० घेणाऱ्याने. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे चालत आले ते असे, की मालक कोऱ्या २९-३० वर सह्या करून दुकानदाराला देतो, दुकानदार ते फाइलमध्ये ठेवतो, गाडी दुसऱ्याला, कधी तिसऱ्याला विकली जाते आणि नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. सर्वांना हे सोयीचे वाटते, कारण ट्रान्स्फरचे पैसे आणि फेरे वाचतात. ही सोय किती महाग पडू शकते, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या खटल्यात स्पष्ट केले. ती गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर होती आणि मग अपघात झाला. न्यायालयाने म्हटले, की ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून निर्धास्त झालेल्या माणसाला हा निर्णय वाचून दाखवायला हवा.

आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या मुलाने परगावाहून मोटारसायकल आणली होती. गाडी चांगली होती, अजूनही चांगलीच चालते. पण विकणाऱ्याने दिलेल्या २९-३० वरची सही आरटीओतल्या नोंदीशी जुळेना, मूळ मालक नोकरीनिमित्त कुठे तरी गेलेला, आणि ज्याने गाडी विकली त्या दलालाचा फोन काही दिवसांनी लागेनासा झाला. कोणी त्याला फसवायचे ठरवले होते, असे मला वाटत नाही. दलालाचे काम संपले होते, एवढेच. तो जर त्याच गावात दुकान थाटून बसलेला असता, तर मूळ मालकाला शोधून सही आणणे हे त्याला टाळता आले नसते, कारण मुलाचे वडील रोज सकाळी दुकानासमोर जाऊन बसले असते. गावातल्या दुकानदाराची सचोटी मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. पण तो जागेवरून हलू शकत नाही, त्याच्या शटरवर त्याचे नाव आहे, त्याची मुले आपल्या मुलांच्या शाळेत जातात, आणि त्याच्या पुढच्या दहा गाड्या आपल्यासारख्यांच्या बोलण्यावरच विकल्या जायच्या आहेत. माणूस सज्जन असेल तर उत्तमच, पण नुसत्या सज्जनपणापेक्षा ही बांधिलकी मला जास्त भरवशाची वाटते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण आपल्या माणसाकडून घ्या असे म्हटले की लोक लगेच नातेवाइकाकडे जातात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते या व्यवहारात तंतोतंत लागू पडते. मेव्हण्याच्या मित्राकडून गाडी घेताना चेसिस नंबर जुळवून पाहायला संकोच वाटतो, फिटर न्यायला लाज वाटते, पावती मागितली तर “आपल्यात कसली पावती?” असे ऐकावे लागते, आणि पुढे काही बिघडले तर गाडीबरोबर नातेही बिघडते. दुकानदार गावातला असावा, चौकशी करता येईल इतका जवळचा असावा, आणि प्रश्न विचारता येणार नाहीत इतका जवळचा नसावा. आम्ही ज्याच्याकडून घेतली त्याला आम्ही आधी ओळखत नव्हतो. मेव्हण्याचा एक मित्र याच धंद्यात आहे, आणि त्याच्याकडे मी भाचीला जाणीवपूर्वक नेले नाही.

दुकानदार निवडताना आता आणखी एक गोष्ट विचारता येते, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणीची व्यवस्था आणली, आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अधिकृत विक्रेत्याला पाच वर्षांच्या मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून ते ऑनलाइन कळवायचे, आणि पोच क्रमांक मिळाल्यापासून गाडी विकली जाईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. त्या काळात गाडीचे जे काही होईल त्याची जबाबदारी त्याची. नोंदणीचे नूतनीकरण, ना-हरकत दाखला, नावाची बदली यांसाठी तो स्वतः अर्ज करू शकतो. गाडी त्याला मिरवायला वापरता येत नाही, ती चाचणी, दुरुस्ती, रंगकाम अशा कारणांसाठीच रस्त्यावर न्यायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. कोऱ्या २९-३० च्या जुन्या रोगावर हे चांगले औषध आहे, असे मला मनापासून वाटते. लहान गावांतले कित्येक प्रामाणिक दुकानदार अजून या व्यवस्थेत आलेले नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र नाही म्हणजे माणूस खोटा, असा अर्थ मी काढणार नाही. पण दोन दुकाने सारखीच वाटत असतील आणि एकाकडे हे प्रमाणपत्र असेल, तर मी विचार न करता त्याच्याकडे जाईन. आणि गिऱ्हाइकांनी ते मागायला सुरुवात केल्याखेरीज इतर दुकानदार ते काढणार नाहीत, म्हणून नसले तरी मागावे.

सीमेवरच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. निपाणी-चिकोडी-बेळगावच्या गाड्या, म्हणजे केए-२२ आणि केए-२३ पासिंगच्या, कोल्हापूर-गडहिंग्लजच्या बाजूला स्वस्तात दिसतात. त्या घ्यायला हरकत नाही, मात्र परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणून, येथला कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो, आणि ते सगळे धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी विरघळते. सीमाभागातल्या मुरलेल्या दुकानदाराला हा हिशेब तोंडपाठ असतो आणि तो कागद आधी करून घेतो.

गाडी कोणती, यावर मी फार लिहिणार नाही, कारण ते ज्याच्या-त्याच्या गरजेवर आहे. भाचीपुढे निवड होती ती एप्रिल २०२० पूर्वीची, धुराच्या जुन्या मानकाची म्हणजे बीएस-४ ची कार्ब्युरेटरची गाडी घ्यायची की त्यानंतरची, नव्या मानकाची, इंजेक्शनची बीएस-६. दुकानदाराला ही नंतरची गाडी विकण्यात जास्त फायदा होता. तरी त्यानेच तिला विचारले, की पाटगावकडे गाडी बंद पडली तर जवळ कोण आहे? कार्ब्युरेटर खोलून, फुंकून, पुन्हा बसवणारा फिटर त्या बाजूच्या मोठ्या गावांत मिळतो. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर गेला तर स्कॅनर असलेल्या गॅरेजपर्यंत ती टेम्पोत घालून आणावी लागेल. तिने २०१८ ची गाडी घेतली. पंधरा वर्षांच्या नोंदणीप्रमाणे ती २०३३ पर्यंत चालेल, आणि एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यामुळे तिला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागली, ते काम दुकानदाराने ट्रान्स्फरच्या आधीच करून दिले.

भाव करताना आम्ही किमतीवर फारशी घासाघीस केली नाही. त्याऐवजी चेन-स्प्रॉकेटचा संच नवा, मागचे ब्रेक शू नवे, आणि नावावर करण्याचा सगळा खर्च त्याचा, असे ठरवले. पाच हजार रुपये आरसी भाचीच्या नावावर होऊन येईपर्यंत आमच्याकडे राहतील, हेही ठरले आणि ते त्याने पावतीच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. ही अट जो दुकानदार हसत मान्य करतो, त्याच्या फाइली सहसा अडत नाहीत. विम्याचे मात्र आपण स्वतः पाहावे. गाडीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या मालकाकडे जातो असे कायदा धरतो, पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते, आणि जुन्या मालकाची नो-क्लेम सवलत, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याचपाशी राहते, गाडीबरोबर येत नाही. हे दुकानदाराने सांगितले नाही. विचारल्यावर त्यालाही नीट माहीत नसल्याचे दिसले, आणि आम्ही ते परस्पर करून घेतले.

पहिल्या पावसाळ्यात गाडीने एकदा त्रास दिला. ओल्या हवेत ती सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, म्हणून सुटीला कोल्हापुरात आल्यावर भाचीने ती दुकानात नेली. कागदावर कसलीच हमी नव्हती आणि विक्रीला महिने उलटले होते. दुकानदाराच्या फिटरने प्लगची टोपी आणि हाय-टेन्शनची वायर बदलली, वस्तूंचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. तिची कॉलेजच्या दिवसांतली जुनी स्कूटर घरी नुसती उभी होती, ती तिने त्याच वेळी त्याला देऊन टाकली. तोपर्यंत त्याने अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र काढलेले होते. त्याने कोऱ्या कागदावर सही मागितली नाही. तिच्यासमोर फॉर्म २९सी भरला आणि पोच क्रमांक तिच्या मोबाइलवर आल्यानंतरच स्कूटरची चावी घेतली.